पंडितराव बाजूला गेले तेव्हा

आमच्या पंडितला बसता येत नाही. दुखणं वगैरे काही नाही, गैरसमज नको. बसला की त्याचा उजवा गुडघा हलायला लागतो, एवढंच. सतरंजीवर बसला तर सतरंजीचं टोक हलतं, बाजेवर बसला तर शेजारच्याच्या कपातला चहा बशीत उतरतो. त्याची बायको मंजुळाबाई सांगते, "आमच्या लग्नात अंतरपाटाखालून मला आधी ह्यांचा हलता पाय दिसला. म्हणलं नवरदेवाला हीव भरलंय की काय. वैशाख होता!"

आता असल्या माणसानं धंदा कोणता धरावा? तर लोकांच्या बैठकीत तास न् तास बसायचा. पंडित सोयरिकी जुळवतो. घाटनांदूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथून पार आष्टीपर्यंत कुणाच्या घरात लग्नाचं पोरगं आहे, कुणाची पोरगी शिकून बसलीय, कुणाच्या चुलत्याचं कुणाच्या मेव्हण्याशी वाकडं आहे, हे सगळं त्याला पाठ. शंभराच्या वर लग्नं जमवली त्यानं. बहुतेक ठिकाणी टॉवेल-टोपी मिळाली, काही ठिकाणी नुसतं जेवण, आणि दोन ठिकाणी पाठीवर प्रसाद. तो कुठल्या दोन ठिकाणी, ते मी सांगणार नाही. विचाराल तर सांगेन.

या धंद्यातली खरी कला बैठकीत नसते बरं का. बैठकीत काय, सगळेच सद्गुणी. पोरगं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात धरत नाही, पोरगी वर मान करून बोलत नाही, दोन्हीकडचे आजोबा देवमाणूस. हे झालं की कुणीतरी खोकतो, उठतो, पायात चपला सरकवतो आणि म्हणतो, "पंडितराव, जरा हिकडं या बरं." मग पंडित त्याच्याबरोबर गोठ्यामागं जातो आणि राहिलेले लोक आढ्याकडं बघत बसतात. ह्याला म्हणायचं बाजूला घेणं. जे काय खरं असेल ते तिथं बोललं जातं. पोरगं कधीमधी घेतं, पोरीचं एकदा मोडलंय, बहिणीचं घर नीट चाललेलं नाही. आमच्याकडं लग्न मांडवात लागत असलं तरी जमतं ते गोठ्यामागंच. पंडितचं अर्धं आयुष्य शेणाच्या वासात कुजबुजण्यात गेलं.

पूर्वी त्याच्याजवळ फोटोंची पिशवी असायची. मग फोन आला आणि फोटो फोनात गेले. त्यानं एक नवाच घोटाळा सुरू झाला. फोन हातात दिला की माणूस एका फोटोवर थांबत नाही, बोटानं पुढं सरकवतो. एका बैठकीत नवरदेवाच्या चुलत्यानं असंच सरकवलं, तर पुढचा फोटो त्याच्या सख्ख्या पुतणीचा! तिच्यासाठी बघणं चालू आहे हे भावानं त्याला सांगितलेलंच नव्हतं. भावाभावांचं अजून बोलणं नाही. शिवाय म्हाताऱ्यांना फोनात दिसत नाही. एका आजीनं तर फोटो डोळ्याला लावून, "नाक बरं हाय," म्हणून सांगितलं. ते नाक पोरीच्या मागं उभ्या राहिलेल्या भावाचं होतं.

म्हणून पंडितनं अंबाजोगाईहून डबी आणली. काकडीच्या फोडीएवढी काळी डबी. कुणाच्याही घरी जायचं, ती टीव्हीच्या मागं खोचायची, फोनात एक बटण दाबायचं, की फोनात जे दिसतंय तेच्या ते भिंतीवर मोठं होऊन दिसतं. मधे तार नाही, काही नाही. फोन आपल्या हातात, सरकवणार आपण, बघणार सगळे. पंडितची ऐट वाढली. लोक त्याच्यापेक्षा त्याच्या डबीची वाट बघायला लागले.

त्याच्या स्वतःच्या घरी मात्र जुना पोटवाला टीव्ही, त्याला डबी लागायला भोकच नाही. म्हणजे ही विद्या त्यानं सगळी लोकांच्या घरी शिकली, घरी कधी करून पाहिली नाही. लावायची कशी ते पाठ. बंद करायची म्हणजे डबी उपसून पिशवीत टाकायची, एवढंच ठाऊक. आणि तार नाही म्हणून त्यानं मनाशी एक समजूत धरलेली. आपण समोर आहोत तोवर चित्र, उंबरा ओलांडला की खलास. बोलण्याचं तसंच असतं की. बैठकीतलं बैठकीत आणि गोठ्यामागचं गोठ्यामागं.

आता रोहिणीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

रोहिणी पंडितची थोरली. बाविसाव्या वर्षी पंडितनंच तिचं लग्न जमवलं. पोरगं पुण्याला कंपनीत होतं. होतं म्हणजे, लग्न ठरलं तेव्हा नव्हतं. काम सुटलं होतं, आणि ते का सुटलं हेही पंडितला गोठ्यामागं कळलेलं होतं. संध्याकाळचं पिणं सकाळवर आलं होतं. पण पत्रिका छापायला गेलेल्या. पंडित म्हणाला, लग्न होऊ दे, मग सांगू पोरीला, आणि लग्नानं माणूस सुधारतो. सुधारला नाही. चौदा महिन्यांनी रोहिणी एक पिशवी घेऊन परत आली. पुढं दोन वर्षं कोर्टात जाऊन सोडचिठ्ठी झाली. पोरगी जिद्दीची. रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि बीडला एका लॅबमध्ये नोकरीला लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. बापाशी भांडली नाही, रडली नाही. बोलायची तेवढं कामापुरतं. सणाला यायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जायची. मला वाटतं गुडघ्याचं हलणं तेव्हापासून जास्त झालं.

एकोणतिसाव्या वर्षी ती एकदा आपणहून म्हणाली, "अप्पा, बघायचं तर बघा. पण एक अट आहे. माझं पहिलं लग्न झालेलं आधी सांगायचं. फोटोच्या बरोबर. नंतर नाही, बाजूला नाही. ह्या वेळी खोटं बोललात तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

पंडित म्हणाला, "बरं." आणि सहा महिने काहीच केलं नाही. शंभर लग्नं जमवणाऱ्याला आपल्या पोरीचा फोटो दाखवायचं धाडस होईना.

मग कड्याचं स्थळ निघालं. कड्याजवळ सुंदररावांची वस्ती. बागायतदार माणूस, सोसायटीवर दोनदा निवडून आलेला आणि एकदा पडलेला. एकुलता एक मुलगा शिवशंकर, वय तेहतीस. शेती उत्तम, घर उत्तम, आणि तरी पोराचं लग्न होत नव्हतं. हल्ली शेतकऱ्याला पोरगी कोण देतं? असं सगळे म्हणायचे, आणि सुंदररावही तेच म्हणायचे. पंडित मला म्हणाला, "तात्या, चला." मध्यस्थ एकटा जात नसतो, "होय होय" म्हणायला कुणीतरी लागतं. ते काम माझं.

पहाटे निघालो. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, पाटोदा, आष्टी. प्रत्येक स्टँडवर पंडित खाली उतरायचा आणि गाडी हलल्यावर पळत चढायचा. मांजरसुंब्याला मी म्हणालो, "बस की बे एका जागी!" तर म्हणाला, "बसलो तर इचार येतेत."

"काय इचार?"

"रोहिणीला कळवलंय, तिचा फोटो दाखवायचा हाय आज."

"मग दाखव."

"आन् ते सांगायचं बी हाय."

"मग सांग."

"तुमाला काय जातंय सांगायला!" असं म्हणून तो पुन्हा उतरला.

सुंदररावांच्या बैठकीत भिंतीवर भला मोठा मॉनिटर. त्यावर चार खणांत चार कॅमेरे. फाटक, गोठा, विहीर आणि कांद्याची चाळ. निवडणुकीत पडल्यापासून सुंदररावांनी हे कॅमेरे बसवलेत म्हणे. तेव्हापासून आपली माणसं कोण न् परकी कोण, हे त्यांना बसल्या जागी बघावं लागतं. पंडितनं कॅमेऱ्याची वायर काढून डबी खोचली तेव्हा ते कासावीस झाले.

"आता गेटावर कोण आलं कसं कळायचं?"

"खिडकी हाय की," आतून त्यांची बायको भिवराबाई म्हणाली. पाणी घेऊन आली आणि दाराशी पाटावर बसली. गोल चेहऱ्याची, हसऱ्या डोळ्यांची बाई. शिवशंकर बापाजवळ खुर्चीत. धिप्पाड, नीट विंचरलेला, आणि गप्प. काही विचारलं की आधी बापाकडं बघायचा, मग मान हलवायचा. मी मनात म्हणालो, बापानं पोराची जीभ तिजोरीत ठेवलेली दिसतीय.

पंडितनं एकेक फोटो भिंतीवर आणायला सुरुवात केली. पहिली मुलगी सुंदररावांना ठेंगणी वाटली. दुसरीच्या मामानं निवडणुकीत विरोधात काम केलेलं. तिसरी जास्त शिकलेली. पंडितचा गुडघा असा हलत होता की हातातला फोन हलायचा, आणि भिंतीवरची मुलगीही हलायची. मग चौथा फोटो आला. पांढरा कोट घातलेली, समोर सूक्ष्मदर्शक, कॅमेऱ्याकडं सरळ बघणारी मुलगी.

गुडघा थांबला. चाळीस वर्षांच्या ओळखीत मी पहिल्यांदा तो थांबलेला पाहिला.

"थांबा," भिवराबाई म्हणाली. "ही कोणाची?"

"माझी."

"माझी म्हंजी?"

"माझी थोरली. रोहिणी. बीडला लॅबमधी हाय, रक्त तपासती."

सुंदररावांनी मांडीवर थाप मारली. "वा रं पाव्हणं! तासभर झाला लोकांच्या पोरी दाखवता, आन् घरची पिशवीच्या तळाला?"

"मध्यस्थानं आपलं घर पुढं करू न्हाई म्हणतेत."

भिवराबाई फोटोकडं बघत होती. शिवशंकरही बघत होता, आणि ह्या वेळी बापाला न विचारता. "चांगली हाय की," भिवराबाई म्हणाली. "शिकलेली, कमवती. मग आजपरेंत कावून थांबली?"

झालं. हाच तो प्रश्न. उत्तर एका वाक्याचं. पंडितच्या हातातला फोन थरथरला, वरच्या बाजूला मेसेज आल्याची पट्टी दिसली न दिसली. तो ताडकन उठला.

"एक फोन करून येतो. जरा बाजूला..."

आणि गेला. डबी मॉनिटरला तशीच, फोन त्याच्या हातात. खिडकीच्या बाहेर अंगण, अंगणात लिंबाचं झाड, पुढं फाटक. पंडित खिडकीखालून फेऱ्या मारायला लागला. आणि भिंतीवर, मंडळी, रोहिणीचा फोटो गेला आणि पंडितचा अख्खा फोन उघडा झाला.

आधी नावांची यादी दिसली. पंडितची सवय अशी की माणसाचं नाव लिहिताना खूण लिहून ठेवायची, म्हणजे गफलत होत नाही. 'गीताबाई केज भांडखोर'. 'युवराज पाटोदा टकल्या'. आणि सगळ्यात वर, 'सुंदरराव कडा पडेल'.

सुंदररावांनी ते मोठ्यानं वाचलं. "पडेल? म्हंजी काय, अजून पडणार हाय मी?"

"पडलेत म्हणून आसंल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मी उठायला लागलो. खरं म्हणजे उठून खिडकीतून एक हाक मारायची, "पंडित, भिंतीवर दिसतंय रे," एवढंच काम होतं. पण सुंदररावांनी हात दाखवला. "बसा तात्या. आमच्या भिंतीवर काय चाललंय ते आमाला बघू द्या." आणि मी बसलो. आता त्यांना घाबरून बसलो असं सांगता येईल, पण माझ्या वयाला खोटं शोभत नाही. मलाही वाचायचं होतं.

यादीतून पंडितनं रोहिणीचं नाव दाबलं. तिचे दोन मेसेज आलेले. 'पोचलात का?' आणि आत्ताचा, 'सांगितलं का?'

खाली अक्षरांची फळी उघडली आणि पंडितच्या एका बोटानं एकेक अक्षर टिपायला सुरुवात केली. आम्ही चौघं भिंतीकडं मान वर करून बसलेलो.

'घर चांगलं हाय. बाई मायाळू दिसते.'

भिवराबाईनं पदर नीट केला.

'म्हातारा तोंडाळ हाय.'

भिवराबाईनं तोच पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते. सुंदरराव लालबुंद होऊन म्हणाले, "दोनदा निवडून आलेल्या माणसाला..." आणि पुढं काही बोलणार तोच रोहिणीचं उत्तर आलं.

'ते नाही विचारलं. सांगितलं का?'

'सांगतो. आधी चहा होऊ दे.'

'चहा आधी की मी आधी?'

पंडित खिडकीखालून झपझप गेला, झपझप आला. बोट चालायला लागलं. 'आत्ता पहिल्या लग्नाचं सांगितलं तर उठवून लावतील. साखरपुडा होऊ दे. मग मी बाजूला घेऊन सांगतो.' आणि पाठवलं.

भिवराबाईचं हसू कधी गेलं ते कळलंही नाही. सुंदरराव माझ्याकडं वळले. त्यांच्या डोळ्यात प्रश्न होता, मी खाली सतरंजीकडं बघितलं. तेच उत्तर.

रोहिणीचं लिहिणं चालू असल्याची खूण बराच वेळ दिसत राहिली. मग मजकूर आला.

'पहिल्या वेळी पण तुम्ही हेच केलंत. त्याची नोकरी गेलेली, तो पितो, तुम्हाला सगळं माहीत होतं. मला नंतर सांगू म्हणालात. ते चौदा महिने मी कसे काढले हे तुम्हाला अजून मला विचारता आलेलं नाही अप्पा.'

आणि लगेच खाली, 'सांगितलं असेल तर हो म्हणा. नसेल तर उठून या.'

मी खिडकीतून पाहिलं. पंडित उन्हात उभा होता, डोक्यावरची टोपी हातात. मग एकदम फाटकाकडं चालायला लागला. भिंतीवर अक्षरं उमटली.

'हो सांगि'

'हो सांगितलं'

आणि चित्र अडकलं. माणूस लांब गेला की डबीला फोन सापडेनासा होतो, हे मला तेव्हा कळलं. मॉनिटरवर ते दोनच शब्द गोठून राहिले आणि मधे एक चक्र फिरायला लागलं. पाठवलं की नाही? काही कळायला मार्ग नाही. पंडित फाटकापर्यंत गेला. तिथून कोपऱ्यावर गेला. ह्याला एका जागी उभं राहता येत नाही आणि आमचा जीव टांगलेला.

"फिरतोय कशाला हा माणूस!" सुंदरराव ओरडले. "आरं जवळ ये की बे!"

भिवराबाई उठून मॉनिटरच्या पुढ्यात गेली. हात जोडल्यासारखे करून त्या गोठलेल्या अक्षरांना म्हणाली, "नका पाठवू पाव्हणं. लेकीला नका खोटं बोलू."

शिवशंकर खुर्चीच्या कडेवर आलेला. मी माझा गुडघा बघितला, तो हलत होता.

पंडित वळला. लिंबाखाली आला. खिडकीजवळ आला. मॉनिटर एकदा काळा झाला, आणि चित्र परत उमटलं. 'हो सांगितलं' गेलेलं होतं. त्या जागी पाठवलेलं वाक्य वेगळंच होतं.

'न्हाई सांगितलं. मला भ्या वाटतंय बाळा. आत जाऊन सांगतो आत्ता.'

भिवराबाई परत पाटावर जाऊन बसली.

पंडित आत आला तो भिंतीकडं न बघता. बसला नाही, दारातच उभा राहून म्हणाला, "सुंदरराव, बसायच्या आधी बोलतो, बसलो की मला बोलता यायचं न्हाई. माझ्या रोहिणीचं पहिलं लगीन झालेलं हाय. मोडलं. चूक तिची न्हाई, माझी हाय. पोरगं कसं हाय ते मला म्हाईत होतं आन् मी तिला सांगितलं न्हाई. हे तिनं फोटोच्या बरोबर सांगाया लावलेलं, ते बी मी फोटोच्या मागून सांगतोय. उठा म्हणताव तर उठतो."

मग त्यानं आमच्या तोंडाकडं पाहिलं, आमच्या नजरा जिकडं होत्या तिकडं पाहिलं, आणि भिंतीवर आपलीच अक्षरं वाचली. हातातल्या फोनकडं बघितलं, पुन्हा भिंतीकडं. माणसाचा चेहरा असा उतरताना मी पाहिला नव्हता, आणि मी पुष्कळांचे उतरवलेत.

"हे... सगळं?"

"पडेलपासून," सुंदरराव म्हणाले. "पंडितराव, ह्याच्या म्होरं तुमाला बाजूला जायचं असलं तर नगरपरेंत जात जा."

"आवो, गप बसा जरा," भिवराबाई म्हणाली. "पाव्हणं, बसा. खाली बसा. चहा टाकते."

तेवढ्यात भिंतीवर रोहिणी आली. 'सांगितलं?' मग, 'उठवलं का?'

पंडितला लिहिता येईना. सुंदररावच म्हणाले, "लिवा, बसवून घेतलंय म्हणून. आन् समदं भिंतीवर वाचलं म्हणून बी लिवा, न्हाईतर पुन्हा खोटं व्हायचं."

पंडितनं तसं लिहिलं. मग उत्तर आलं.

'वाचलं ते बरं झालं. आता त्यांच्या घरात काय आहे ते पण विचारा. तिथंच, सगळ्यांसमोर.'

आता आढ्याकडं बघायची पाळी सुंदररावांची. त्यांनी बघितलंही. "आमच्यात काय असणार? शेतकऱ्याला पोरगी कोण देतंय हल्ली..."

"डावा कान," शिवशंकर म्हणाला.

आवाज चांगला होता. भरदार. पहिल्यांदाच ऐकला म्हणून मला नवल वाटलं.

"तुला कुणी इचारलं बे?" सुंदरराव गरजले.

"तिनं इचारलं की." तो भिंतीकडं बोट दाखवून म्हणाला. "डाव्या कानानं मला कायबी ऐकू येत न्हाई. पाचवीत असल्यापासनं. उजव्यानं येतं. लई गलबला असला की तेबी गडबडतं, म्हणून मी दादांकडं बघतो. दोन सोयरिकी ह्याच्यामुळं गेल्या. तिसरीला दादांनी सांगितलंच न्हाई, ती ठरली, मग मीच जाऊन सांगितलं आन् मोडली." मग पंडितला म्हणाला, "लिवा मामा. समदं लिवा."

पंडितनं लिहिलं. एका बोटानं, अर्धा तास लागल्यासारखं. भिवराबाई मागं उभी राहून सांगत होती, "उजव्यानं चांगलं ऐकू येतं हे लिवा. आन् सैपाक येतो त्याला, तेबी लिवा." सुंदरराव म्हणाले, "ते नका लिवू." लिहिलं गेलं.

उत्तराची वाट बघताना पंडितला सुंदररावांनी बाहेर जाऊ दिलं नाही. मनगट धरून ठेवलं. रोहिणीची लिहिण्याची खूण यायची, जायची, पुन्हा यायची. चहा आला, निवला. शेवटी भिंतीवर एकच ओळ आली.

'मंगळवारी बीडला येऊ द्या. एकट्याला. दोन ते पावणेतीन मला सुट्टी असते.'

मंगळवारी शिवशंकर एकटाच गेला. पंडित आणि मीही गेलो, पण त्याच्याबरोबर नाही, वेगळ्या गाडीनं. लॅबच्या समोर रस्त्यापलीकडं एक रसवंती आहे, तिथल्या बाकावर बसलो. म्हणजे मी बसलो. पंडित रसवंती ते पानटपरी असा चालत होता, आणि चार ग्लास रस मलाच प्यावा लागला.

पावणेतीनला दोघं बाहेर आले. फाटकाजवळ उभे राहून आणखी काहीतरी बोलले. शिवशंकर मान हलवून स्टँडच्या दिशेनं निघाला. रोहिणीनं रस्ता ओलांडला आणि सरळ आमच्याकडं आली. आम्ही आहोत हे तिला पहिल्यापासून दिसत असणार, खिडकी समोरच होती.

"काय कळवू त्यांना?" पंडितनं विचारलं.

"तुम्ही काही कळवू नका." तिनं तिथंच फोन लावला. रसाच्या यंत्राचा खडखडाट चालू, लोक ये-जा करतायत, आणि ही मोठ्यानं बोलतेय. "भिवरामावशी, मी रोहिणी बोलतेय. आम्ही बोललो. मला चालेल. पण नोकरी मी सोडणार नाही. आष्टीला किंवा कड्याला लॅबमध्ये जागा मिळाली की मग तारीख धरू, तोवर घाई नको... हो, शिवशंकरना सांगितलंय... हो, अप्पा इथंच आहेत."

फोन ठेवून तिनं घड्याळ बघितलं आणि वळली. पंडित तिच्यामागं दोन पावलं गेला.

"रोहिणी."

"काय?"

"ते चौदा महिने..." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "कसे काढलेस ग तू?"

लॅबच्या दारातून कुणीतरी तिला हाक मारली, बाहेर रिपोर्टसाठी माणसं थांबलेली.

"हे असं रस्त्यात सांगण्यासारखं नाही," ती म्हणाली. "रविवारी घरी येते. तुम्ही आणि आई दोघं थांबा."

रविवारी ती आली. सकाळच्या गाडीनं. मंजुळाबाईनं दार लावून घेतलं ते दुपारी जेवणं झाली तरी लावलेलंच. मी दोनदा त्या गल्लीतून जाऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आतून पंडितच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि रोहिणीचा, सावकाश, काहीतरी सांगत असल्याचा. शब्द ऐकू येत नव्हते. मी थोडा वेळ भिंतीजवळ उभा राहिलो, आणि मग घरी आलो.